बापदेवाच्या पाठीवरची खाच

संध्याकाळी बोळिंजच्या वाड्यांतले रहाट थांबतात तेव्हा थोडा वेळ कानांत काहीच शिरत नाही. दिवसभराची करकर अंगात इतकी मुरलेली असते, की आपलंच काहीतरी बंद पडलं असं वाटून माणूस छातीवर हात ठेवतो. त्या वेळी भागूबाई बावखलाच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसलेली असायची. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं; आमची केळी आणि पानवेली त्याच्यावरच जगतात. तिला हाक मारली तर ती लगेच ओ देत नसे. आधी श्वास सोडायची, मग मान वळवायची. नव्या माणसाला वाटे, ही बाई दमूनच जन्माला आली असावी.

तसं नव्हतं. ती कळंबच्या माडांतली मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा कळशी घेऊन पळत जाणारी सून म्हणून बायका तिला हसत. दोन पावसाळ्यांत तिचा नवरा गुरुदत्त तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आला, तेव्हा तिनं त्याला जेवू घातलं आणि सांगितलं, की राजेळी केळीचे कोंब नुकतेच लावलेत, त्यांनी मूळ धरलं की येते. कोंबांनी मूळ धरलं आणि भागूबाईनंही. घरात उरले ती आणि तिचे सासरे हरेश्वर.

हरेश्वर उंच आणि सुकलेला माणूस. जमिनीशी बोलावं तितकंच माणसांशी बोलायचा, म्हणजे जवळजवळ नाहीच. बैल भागूबाई जुंपायची, झाडांभोवतीची आळी तीच करायची, सुकेळीसाठी केळी सोलून उन्हात तीच मांडायची. फक्त एक काम तिचं नव्हतं. कोयता हरेश्वराचा होता.

यासाठी आमची रीत सांगितली पाहिजे. वाडीच्या तोंडाशी बापदेव असतो. घराण्याचा मूळ पुरुष, दगड होऊन राखणीला बसलेला. हरेश्वराच्या बापदेवाला समोरून शेंदूर आणि तेल चढायचं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराची साल इतकी जाड झाली होती, की आत डोळे आहेत, तलवार आहे की नुसताच दगड आहे, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. पाहावं असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. पाठ मात्र मोकळी. कार्तिकात राजेळीचा पहिला लोंगर, म्हणजे फण्यांचा अख्खा घड, तयार झाला, की घरचा कर्ता देवाच्या मागे जायचा, त्याच्या पाठीवर घासून कोयत्याला धार करायचा, त्या धारेनं पहिला लोंगर उतरवायचा आणि वरची फणी देवापुढे ठेवायचा. मग बाकीची तोड. घासून घासून त्या पाठीत एक लांब तिरकी खाच पडली होती, पन्हळीसारखी गुळगुळीत.

बाप थकला की मुलाला तिथंच मागे उभा करायचा. कोयता एकदा खाचेतून फिरवायचा आणि मुलाच्या हातात द्यायचा. तेव्हापासून वाडी मुलाची. सरकारी कागद व्हायचा तेव्हा होई; आमच्यात वाडी कोयत्यानं जात असे. सुनेच्या हातात कोयता गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. जाऊ नये, असंही कोणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

मोठं युद्ध चाललं होतं त्या सुमारास मुंबईहून एक विद्वान गृहस्थ आले. त्यांनी बापदेवाला चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, की हा शेकडो वर्षांचा जुना, कोरीव दगड आहे, इथं पावसात आणि तेलात खराब होतोय, आम्ही संग्रहालयात नीट ठेवू. हरेश्वरानं मोजकंच विचारलं. छप्पर आहे का? मोठा घुमट आहे. राखण आहे का? दिवसरात्र आहे. लोक येतात का? दुरून दुरून येतात. हरेश्वरानं त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. देव नेणारा माणूस पूजेलाच नेतो, हे त्याला कोणी समजावून द्यायला नको होतं. आपला देव मुंबईला घुमटाखाली बसणार याचा त्याला अभिमानच वाटला. गाडी निघाली तेव्हा त्यानं शेंदराची पुडी आणि तेलाची बाटली गृहस्थांच्या हाती दिली आणि शनिवार चुकवू नका, एवढं बजावलं. त्यांनी दोन्ही वस्तू घेतल्या. नाही कसं म्हणावं हे त्यांना सुचलं नसेल.

पुढच्या कार्तिकात हरेश्वर पहिली फणी घेऊन मुंबईला निघाला. सोबत भागूबाई, डोक्यावर टोपली, काखेत देवाच्या पाठीवर फिरवायला घेतलेला, गोणपाटात गुंडाळलेला कोयता. बोळिंजहून विरारपर्यंत पायी, मग गाडी, मग ट्राम. संग्रहालयाच्या पायऱ्यांशी दोघांनी वहाणा काढल्या.

दारावर विठ्ठल नावाचा तळकोकणातला पहारेकरी होता. त्यानं गोणपाट उघडायला लावलं आणि कोयता पाहून दोघांकडे नीट निरखून पाहिलं. "आजोबा, इथं मूर्ती बघायला येतात, तोडायला नाही," तो म्हणाला, आणि कोयता आपल्या स्टुलाखाली ठेवून घेतला. वहाणा घाला, असंही त्यानं सांगितलं. हे देऊळ नाही. हरेश्वरानं ते ऐकलं नाही. फरशी गार होती.

आत दगड रांगेनं भिंतीला टेकून उभे होते. सगळे आंघोळ घातल्यासारखे स्वच्छ. कुणावर घोडेस्वार, कुणावर पडलेला वीर, वर चंद्र आणि सूर्य. शेंदूर कुठंच नाही. समोर छोट्या पाट्यांवर इंग्रजी लिहिलेलं. विठ्ठलला विचारलं, तर तो म्हणाला, ही सगळी भिंत ठाणे जिल्ह्याची, याच्यापुढं मला काही ठाऊक नाही. हरेश्वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, पुन्हा परत आला. शेवटी कोपऱ्यातल्या ढालीवाल्या वीरासमोर त्यानं फणी ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटले. भागूबाईनंही तिथंच डोकं टेकलं. विठ्ठलनं थोडा वेळ जाऊ दिला आणि फणी उचलून आपल्या डब्याशेजारी ठेवली.

दर कार्तिकात असं होऊ लागलं. स्वराज्य आलं, पाट्यांवर इंग्रजीच्या खाली मराठीही आली, पण या दोघांना दोन्ही सारखीच होती. विठ्ठल लांबूनच म्हणायचा, "आले माझे केळीवाले," आणि न विचारता कोयत्यासाठी हात पुढे करायचा. परत येताना हरेश्वराचे पाय सुजायचे. विरारपासून पुढे भागूबाई टोपली, कोयता आणि निम्मा हरेश्वर असं सगळं वाहून आणायची.

घरी त्याचं एकच वाक्य ठरलेलं होतं. भागूबाई म्हणायची, "मामंजी, या वेळी लोंगर मी उतरवते, तुमचा हात कापतो." तो म्हणायचा, "कोयता बापदेवासमोर देईन तुला. असाच कसा देऊ?" आणि मुंबईला जाऊन देवासमोर हात जोडायचा आणि काहीच न बोलता परतायचा. पहिला लोंगर त्याच्या हाताला झेपेपर्यंत बाकीची केळी झाडावरच पिकायची आणि वाघळांच्या पोटात जायची. वर्षभर पाणी घालून वाढवलेल्या केळीखाली सकाळी नुसत्या साली पडलेल्या पाहून ती रडायचीसुद्धा नाही. साली गोळा करून बैलाला घालायची.

पलीकडच्या वाडीत हरेश्वराचा पुतण्या रामचंद्र होता. वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त घाई नव्हती. काकानंतर कोयता आपल्याकडेच येणार, दुसरा आहे कोण, असं तो सगळ्यांना शांतपणे सांगायचा. वहिनींना कोणी हाकलणार नाही, दोन घास मिळतील, असंही वर सांगायचा. हे भागूबाईला धुण्याच्या दगडावर कळायचं. दरवर्षी ती मुंबईहून आली की वईच्या, म्हणजे कुंपणाच्या पलीकडून विचारायचा, "काय वहिनी, मानवली का मुंबई? कोयता गेला कुणाकडं, आला कुणाकडं?"

भागूबाईला हळूहळू वाटू लागलं, की सासऱ्यांच्या मनातच नाही. देव हे निमित्त आहे. ज्या झाडांना तिनं हातानं पाणी पाजलं, त्यांच्या सावलीत दोन घास मागून खायचे दिवस येणार. तरी ती बोलली नाही. बोलायलाही जोर लागतो, आणि तिचा सगळा जोर संध्याकाळपर्यंत रहाटावर संपून गेलेला असे.

पुढे एका कार्तिकात हरेश्वरानं कोयता हातात धरला तो त्याच्या मुठीतून गळून पडला. पहिला लोंगर कसाबसा उतरला, तोही ठेचून. तरी तो मुंबईला निघाला. या वेळी ट्राममधून उतरतानाच तो म्हणाला, ही शेवटची फेरी. भागूबाईनं मान हलवली. तिला वाईट वाटलं आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

संग्रहालयात रंगकाम चाललं होतं. दालनात चुन्याचा वास होता, आणि भिंत मोकळी करण्यासाठी सगळे दगड ओढून मध्ये आणले होते. विठ्ठल म्हणाला, आज आत कोणाला सोडत नाही. मग हरेश्वराच्या पायांकडे पाहून म्हणाला, जा, पण लवकर या.

हरेश्वर सवयीनं ढालीवाल्या वीराकडे गेला. फणी ठेवली. आणि हात न जोडता तिथंच खाली बसला. भागूबाई घाबरून वाकली, तर तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "भागू, मला कधी ओळखच पटली नाही. पहिल्या वर्षीपासून. कोणतं तोंड आपलं, मला काय माहीत? मी शेंदूर ओळखत होतो. अंदाजानं इथं उभा राहिलो. परक्याच्या देवासमोर तुला कोयता कसा देऊ?"

इतक्या वर्षांचा राग भागूबाईच्या अंगातून उतरला आणि त्याच्या जागी नुसता शीण उरला. ती आधारासाठी मागे सरकली आणि दगडांच्या पलीकडच्या बाजूला आली. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. खडबडीत, छिन्नीच्या घावांच्या पाठी, कधी कोणी पाहू नयेत अशा. ढालीवाल्याची पाठ कोरी होती. त्याच्यापुढचीही कोरी. खिडकीजवळ एक बुटका दगड होता. त्याच्या पुढच्या बाजूकडे या दोघांनी कधी धड पाहिलंही नव्हतं, कारण त्यावर वीर नव्हता, फक्त झिजलेला एक बैल होता आणि त्याच्यामागे चालणारा माणूस. त्या दगडाच्या पाठीवर उजेड पडला होता. तिरकी, लांब, गुळगुळीत खाच.

तिनं सासऱ्याला हाक मारली नाही. परत गेली, त्याला दंडाला धरून उठवलं आणि तिथं आणून उभं केलं. एरवी सासऱ्याच्या अंगाला ती कधी हात लावत नसे.

हरेश्वरानं अंगठा खाचेत ठेवला. वरून खाली नेला. दाराशी उभा विठ्ठल हात लावू नका, असं म्हणायला पुढे आला, आणि मग रंगाऱ्याला काहीतरी विचारायला वळला.

"कोयता नाही आत," भागूबाई म्हणाली.

"हाताची धार चालेल," हरेश्वर म्हणाला. "फिरव."

तिनं तळहाताची कड त्या खाचेत टेकवली आणि कोयता फिरवावा तशी फिरवली. दगड गार होता. रहाटाच्या दोरानं तिच्या हाताला पडलेले घट्टे त्याला घासले गेले, तेवढाच काय तो आवाज झाला.

"पुरे," तो म्हणाला.

मग तो फणीकडे वळला. भागूबाईला वाटलं, तो ती उचलून इकडे आणील. त्यानं ती मधोमध मोडली. अर्धी बैलवाल्यापुढे ठेवली आणि अर्धी ढालीवाल्यापुढे तशीच राहू दिली. "इतकी वर्षं त्याला सवय लावली," म्हणाला. "आता उपाशी ठेवू का?"

दारात विठ्ठलनं स्टुलाखालून कोयता काढला आणि नेहमीसारखा हरेश्वराच्या पुढे धरला. हरेश्वरानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. विठ्ठलला कळेना. तो कोयता धरून तसाच उभा राहिला.

"तिचा आहे," हरेश्वर म्हणाला. "तिला दे."

भागूबाईनं कोयता घेतला. इतकी वर्षं तो तिनंच वाहिला होता, त्यामुळे वजन नवीन नव्हतं. गोणपाटात गुंडाळताना मात्र तिला गाठ बसेना, ती विठ्ठलनं बांधून दिली. पायऱ्यांवर त्यांनी वहाणा घातल्या. ट्राम यायला वेळ होता, म्हणून दोघं पायरीवरच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुण्याच्या दगडावर कोयता घासला आणि राजेळीचे तयार लोंगर उतरवायला घेतले. हरेश्वर ओट्यावर घोंगडीवर पडून ऐकत होता. प्रत्येक लोंगर खाली येताना पानांचा आवाज होतो, तो ऐकला की त्याची मान किंचित हलायची. वईपलीकडून रामचंद्रनं विचारलं, "काय वहिनी, कोयता कुणाकडं?" तिनं श्वास सोडला, मान वळवली आणि हातातला कोयता त्याला दिसेल असा धरला. उत्तर द्यायला ती फार दमलेली होती, आणि पुढच्या झाडाचा लोंगर वाट पाहत होता.