शिंप्याची अठरा हजार पावलं

आमच्या रस्त्याच्या वळणावर एका शिंप्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एकच खोली. मध्ये कापडं बेतायचं टेबल, भिंतीला शिवून झालेले कपडे आणि खिडकीपाशी पायानं चालवायचं जुनं मशीन. बाकी सगळ्या शिंप्यांनी केव्हाच मोटरी बसवल्या, यानं बसवली नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, "मोटर पुढं पळते हो बाई, कापडाला विचारत नाही. पाय विचारतो."

बाई म्हणजे मी. तो माझ्या वर्गात होता. तेव्हा इतका काडीसारखा होता की मुलांनी त्याचं नाव सुई ठेवलं. आता पंचावन्न उलटली, पोट सुटलं, गुडघे बोलू लागले. नाव मात्र तेच राहिलं. अक्षर सुबक, गणित बरं, आणि धावण्याच्या शर्यतीत दरवर्षी शेवटचा. तो इतक्या नेमानं शेवटचा यायचा, की सातवीत मी त्याला शर्यतीतून काढलं आणि शेवटच्या रेषेवर फीत धरायला उभं केलं. तेव्हा मला वाटलं, मी त्याची लाज राखली. फीत तो फार सरळ धरायचा. तीन वर्षं ती दुसऱ्यांच्या छातीवर तुटलेली त्यानं पाहिली, आणि दर वेळी टाळ्या वाजवायला त्याचा एकच हात मोकळा असायचा. हे माझ्या लक्षात यायला मला निवृत्त व्हावं लागलं.

त्या वर्गातल्या सतरा जणांचा फोनवर एक गट आहे, 'मागचा बाक' नावाचा. मलाही त्यात घेतलंय, बहुधा शिस्तीसाठी. पण शिस्त कुणी पाळत नाही. आधी तिथं वाढदिवस आणि औषधं यांचीच चर्चा असे. मग बँकेतल्या कॅशियरनं एक दिवस घामाघूम चेहऱ्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आज ६,२०० पावलं.' झालं, साथच पसरली. कुणी योगासनं करतानाचा फोटो टाकी, कुणी नव्या बुटांचा, कुणी फक्त आकडा. शाळेत ज्यांना मैदानावर हाकलायला मला छडी उगारावी लागे, ते आता सकाळी साडेपाचला एकमेकांना उठवू लागले.

शिंप्याच्या मुलीनं त्याला पावलं मोजणारा पट्टा आणून दिला. तो मनगटावर बांधायचा असतो. शिंप्यानं एक दिवस बांधला, आणि पट्ट्याच्या बकलात अडकून एका गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडाचा धागा ओढला गेला. शिंप्याच्या लेखी हा मोठाच अपघात. त्या दिवशी तो नीट जेवलाही नाही म्हणे. दुसऱ्या दिवसापासून त्यानं पट्टा घोट्यावर बांधला, पँटच्या आत, उजव्या पायाला. तिथं तो कापडाच्या वाटेत येत नव्हता.

संध्याकाळी आकडा पाहिला तर १७,६४०.

त्यानं तो गटावर टाकला. कॅशियरनं लगेच लिहिलं, 'सुई, एक शून्य चुकून जास्त पडलंय.'

'शून्य एकच आहे, तेही पट्ट्यानंच टाकलंय,' शिंप्यानं उत्तर दिलं आणि पट्ट्याचा फोटो टाकला.

दुसऱ्या दिवशी १८,२१०. तिसऱ्या दिवशी १८,०३०. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. बेकरीवाला, जो शाळेत त्याच्याच बाकावर बसायचा, त्यानं विचारलं, 'अरे, तू तर दिवसभर बसलेला असतोस ना?'

'बसतो कुठं? गिऱ्हाईक आलं की उठतो, माप घेतो, टेबलाशी उभा राहतो. बसलो तरी पाय कधी थांबत नाहीत माझे.'

यातला शब्दन् शब्द खरा होता. शिंपी खोटं बोलणारा माणूस नाही. दिवसअखेर पाय भरून यायचे, ते इतकं चालल्यामुळेच, असं त्याला मनापासून वाटलं. शाळेचे गणवेश शिवायचे दिवस आले तेव्हा आकडा पंचवीस हजारांवर गेला, तरी ना त्याला शंका आली ना आम्हाला. मी आयुष्यभर मुलांना 'उत्तर पडताळून पाहा' म्हणत आले, आणि रोज संध्याकाळी त्याला टाळ्यांचं चित्र पाठवत होते.

तो बदलला. ताठ चालू लागला. माप घेताना गिऱ्हाइकांना सल्ले देऊ लागला, "जिन्यानं जात जा, लिफ्टची सवय वाईट." बायको चहा देताना म्हणायची, "घ्या, पळपुटे." त्यावरही तो खूश व्हायचा.

त्याच्या आकड्यांनी सगळ्यात जास्त कुणी पेटलं असेल तर बेकरीवाला. पहाटेपासून भट्टीपाशी बसून आणि आपलाच केक आपणच चाखून त्याचं वजन एकशे चौदावर गेलं होतं. डॉक्टरांनी कान उपटले होते, बायकोनं हात टेकले होते. तो काही हलला नाही. पण सुई आपल्यापुढं जातोय हे मात्र त्याला सोसेना. पहिल्या दिवशी त्यानं दोन हजार पावलं टाकली आणि लिहिलं, 'मेलो.' मग तीन हजार, पाच हजार. रोज रात्री जेवणाआधी त्याचा निरोप ठरलेला, 'सुई, आज तुझ्या पावलांचा तिसरा हिस्सा.' आणि एक दिवस, 'आज बरोब्बर निम्मी.'

त्याच्या पँटी शिंप्याकडेच येत. आधी कंबर दोन इंच आत घेतली. पुढच्या महिन्यात आणखी दीड. आत घेतलं की शिंपी जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतो. माणसाचा काही भरवसा नसतो, पुन्हा सैल करायची वेळ येते. बेकरीवाला म्हणाला, "ते आतलं कापड कापून टाक."

"राहू दे की. तुला काय टोचतंय?"

"टोचतंय. परतीचं तिकीट वाटतं ते. काप."

शिंप्यानं कापलं.

कॅशियरनं गटावर जाहीर केलं की सुईची एकूण दहा लाख पावलं झाली. मग ठरलं, की येत्या रविवारी सकाळी सगळ्यांनी शिंप्याच्या दुकानापासून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायचं, सहा किलोमीटर, आणि सगळ्यांच्या पुढं सुई. त्या दिवशी त्यानं गटावर एवढंच लिहिलं, 'तुमच्या सगळ्यांमुळे.' कुठल्याही गोष्टीत पहिलं यायची त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती.

मंगळवारी मशीनची वादी तुटली. चाकाभोवतीची कातड्याची वादी, नवी यायला एक दिवस लागणार होता. शिंप्यानं तो दिवस हातशिलाईत घालवला, काजं केली, हूक लावले, तुरपाई केली. संध्याकाळी पट्टा पाहिला. २,९००.

"पट्टा बिघडला," तो म्हणाला.

त्याची बायको भाजी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "पट्टा कशाला बिघडेल? मशीन बिघडलंय."

"त्याचा काय संबंध?"

"मशीन बंद, तर तुमची पावलं बंद. उद्या वादी आली की बघा."

बुधवारी वादी आली. शिंप्यानं ती बसवली, पट्ट्याचा आकडा कागदावर लिहून घेतला, खुर्चीवरून न उठता मशीनवर पाय वीस वेळा दाबला आणि पुन्हा पाहिलं. वीस पावलं वाढली होती. पुन्हा दाबला. पुन्हा वीस. बायको दारात उभी होती. ती हसणार होती, पण त्याचा चेहरा पाहून आत निघून गेली.

गुरुवारी तो माझ्या कोटाची बाही दुरुस्त करून घेऊन आला. एरवी कोट देऊन निघतो, त्या दिवशी बसला. सगळं सांगितलं, अगदी वीस आणि वीससकट.

"मग खरी किती?" मी विचारलं.

"रोजची तीन हजार. घर ते दुकान, आणि दुकानातल्या दुकानात. बाकी सगळी खुर्चीत बसून."

"लिहून टाक गटावर. हसतील दोन दिवस."

"माझं काही नाही हो बाई," तो म्हणाला, आणि मग स्वतःच थांबून म्हणाला, "माझंही आहे. बरं वाटत होतं. पण तो पाववाला माझ्या मागं चालतोय. पुढं कुणी नव्हतंच हे कळलं तर तो कशाला चालेल? उद्यापासून भट्टीपाशी जाऊन बसेल." आणि खाली बघत म्हणाला, "मी ते कापड कापून टाकलंय."

मला शिक्षकी सल्ला सुचला होता, तो मी गिळला. त्यानंच तोडगा काढला होता. लिहायचं नाही, वर टाकीपाशी पोचल्यावर तोंडावर सांगायचं. "म्हणजे तेवढी टेकडी तरी त्याची चढून झालेली असेल," तो म्हणाला.

"आणि तुझी?"

याचा विचार त्यानं केलेला नव्हता.

तीन दिवस त्यानं गटावर आकडाच टाकला नाही. कॅशियरनं विचारलं, 'सुई, कुठं गडप?' त्याच्या वतीनं बेकरीवाल्यानंच उत्तर दिलं, 'रविवारसाठी दम राखतोय तो. तुम्ही आपलं बघा.'

रविवारी अकरा जण आले. माझे गुडघे टेकडी मानत नाहीत, म्हणून कॅशियरच्या बायकोनं मला पाण्याच्या बाटल्यांबरोबर गाडीतून वर नेऊन बसवलं. त्यामुळे वाटेत जे झालं ते मी पाहिलेलं नाही. मला ते शिंपी आणि बेकरीवाला, दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोघांच्या सांगण्यात जे सारखं होतं तेवढंच लिहिते.

सपाट रस्ता होता तोवर शिंपी पुढं राहिला. चढ लागल्यावर मधोमध आला. दुसऱ्या वळणावर सगळ्यांच्या मागं पडला आणि तिसऱ्या वळणावर एका दगडावर बसला. गळ्यात मापाची फीत होती. रविवार असो की आणखी काही, ती उतरवायचं त्याला सुचत नाही. बेकरीवाला मागं वळून पाहत होता, तो परत खाली आला.

"काय रे, पाय मुरगळला?"

"नाही."

"मग छातीत दुखतंय? खरं सांग."

"दुखत काही नाही. मला एवढं चालता येत नाही." आणि सगळं सांगून टाकलं. पट्टा घोट्यावर, पाय मशीनवर.

बेकरीवाल्यानं वाकून त्याच्या पँटची कड वर केली आणि पट्टा पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे दोन महिने मी तुझ्या शिलाई मशीनच्या मागं धावतोय?"

"हो."

"उन्हातान्हात."

"हो. चुकलं माझं. पण तू चालणं सोडू नकोस. पाहिजे तर मला शिव्या घाल."

"त्या घालणारच आहे. थांब जरा." तो शेजारी दगडावर बसला. बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळूहळू त्याचा चेहरा उजळत गेला. "तुझी तीन हजार. कॅशियरची सहा-सात. बाकीच्यांची पाचाच्या वर नाहीत. आणि माझी नऊ."

"मग?"

"मग काय, बावळटा. म्हणजे गेला महिनाभर पहिला मीच होतो की."

शिंप्याला हे सुचलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

"आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही," बेकरीवाला उठत म्हणाला. "ऊठ. अजून अर्धी टेकडी बाकी आहे."

"मला नाही जमायचं."

"मलाही जमत नव्हतं. शंभर पावलं चाल, मग बस. मी मोजतो. त्या पट्ट्यावर माझा विश्वास नाही."

वर आम्ही वाट पाहून कंटाळलो होतो. आधी बेकरीवाला दिसला. आल्या आल्या, धापा टाकत, त्यानं सगळ्यांना बातमी सांगून टाकली. मुद्दाम, म्हणजे शिंप्याला तोंड उघडावं लागू नये. कॅशियर इतका हसला की त्याला टाकीच्या कठड्याला धरावं लागलं. मग बेकरीवाल्यानं हात पुढं केला. त्याच्या हातात शिंप्याच्या गळ्यातली मापाची फीत होती, वाटेत मागून घेतलेली. एक टोक त्यानं कॅशियरला दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोघं रस्त्याच्या दोन कडांना उभे राहिले.

शिंपी शेवटचा आला. चेहरा लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला. समोर फीत पाहून तो थबकला.

"ये, ये," सगळे ओरडत होते. "तोड."

तो दोन पावलं पुढं आला, फितीपाशी थांबला, आणि चिंताग्रस्त आवाजात म्हणाला, "ओढू नका रे एवढी. ताणली तर माप चुकतं." आणि कंबरेत वाकून खालून निघून आला.

टाळ्या मी दोन्ही हातांनी वाजवल्या.

पट्टा आजही त्याच्या घोट्यावरच आहे. मनगटावर बांधायची त्याची अजून हिंमत नाही. पण दर वेळी मशीनवर बसायच्या आधी आणि उठल्यावर तो आकडा कागदावर टिपून घेतो, आणि संध्याकाळी गटावर दोन ओळी टाकतो. काल होतं: 'चाललेली ५,१००. शिवलेली १४,३००.'

खाली बेकरीवाल्याचा निरोप, नेहमीच्या वेळेला: 'माझी १०,४००. तू अजून निम्म्यावरही नाहीस. आणि शिवलेल्यात माझी पँट धरलीस का? आणखी एक इंच आत घ्यायचीय.'