थोरली आणि धाकटी

मिस्त्रींच्या रेल्वे लोको शेडमध्ये दोन कंपन्यांची डिझेल इंजिनं दुरुस्तीला यायची. घरात दोन सुना असाव्यात तशी त्या कंपन्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं पडली होती. थोरलीची इंजिनं चाळीस वर्षं येत होती. धूर ओकायची, तेल गाळायची, पण त्यांच्या पोटात कुठं काय आहे ते मिस्त्रींना डोळे मिटून सापडायचं. धाकटीचं इंजिन गुपचूप चालायचं, डिझेल कमी प्यायचं, चढावर दमायचं नाही. तरी ते शेडमध्ये कुणालाच आवडलं नाही. का, तर नवं होतं. याहून मोठं कारण आपल्याला कधी लागलंय?

मग वरून हुकूम आला. दोघींची पाच-पाच इंजिनं वर्षभर चालवा, प्रत्येक बिघाड वहीत लिहा, जिचे बिघाड कमी तिला ऐंशी इंजिनांची ऑर्डर. वही मिस्त्रींच्या ताब्यात आली.

मिस्त्रींनी त्या वहीत एक अक्षर खोटं लिहिलं नाही. खोटं लिहिणाऱ्यातले ते नव्हतेच, आणि याचा त्यांना भारी अभिमान. फक्त थोरलीचं तेल गळताना दिसलं की ते पाना घ्यायचे, दोन नट आवळायचे, हात पुसायचे आणि पुढं जायचे. रोजचंच ते, त्यासाठी वही कोण उघडतं? धाकटीचा मात्र थेंब पडला तरी सगळे चार हात लांब. नवं यंत्र, हात लावायला जावं आणि अंगाशी यावं. मग नियमाप्रमाणे वही यायची, तारीख पडायची, सही व्हायची. वर्षाअखेर थोरलीचे एकतीस बिघाड निघाले आणि धाकटीचे चौऱ्याण्णव. मिस्त्रींनी आकडे दोनदा बघितले. काय झालंय ते त्यांना तिथल्या तिथं कळलं होतं. तरी त्यांनी खाली सही केली.

ऑर्डर थोरलीला गेली. धाकटीनं इंजिनं बनवणंच बंद केलं. आणि तिच्या कारखान्यातून प्रत्येक इंजिन तपासून बाहेर सोडणारा माणूस होता मिस्त्रींचा सख्खा साडू.

तीन वर्षं मिस्त्री त्याच्या घरी जायचं टाळत राहिले. कधी ड्यूटी आडवी यायची, कधी गुडघा. शेवटी बायको फणकारली, "माझ्या बहिणीनं काय घोडं मारलंय तुमचं?" आणि एका रविवारी दुपारी त्यांना घेऊनच गेली.

साडू आता पाण्याच्या पंपांच्या दुकानात कामाला होता. चहा झाल्यावर त्यानं कपाटातून कागद काढले. त्या चौऱ्याण्णव नोंदींची कंपनीला आलेली प्रत होती ती. प्रत्येक नोंदीपुढं पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं.

"दादा, तुम्ही ती इंजिनं जवळून बघितलीत. मी रोज हे घेऊन बसतो. माझ्या नजरेतून काय सुटलं ते सापडतच नाही. तुम्हीच सांगा, माझं कुठं चुकलं?"

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इकडचं तिकडचं सांगून वेळ मारून नेता आली असती, त्यासाठी त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण पेन्सिलीची ती अक्षरं समोर असताना ते जमेना.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "थोरलीचे बहुतेक बिघाड मी लिहिलेच नाहीत. आवळून सोडून द्यायचो. सगळे धरले असते तर दोनशेच्या घरात गेले असते."

आता हा उठून आपल्या मुस्काटात देईल, असं त्यांना वाटलं. द्यावी, असंही वाटलं. साडूनं कागद जवळ ओढून पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं.

"म्हणजे इंजिन चांगलं होतं?"

"थोरलीपेक्षा चांगलं. सगळ्याच बाबतीत."

साडूचा चेहरा इतका उजळला की मिस्त्रींना तिकडं बघवेना. "अगं, ऐकलंस का?" त्यानं बायकोला हाक मारली. "दादा म्हणतात, इंजिन चांगलं होतं." आणि त्यानं मिस्त्रींचे दोन्ही हात धरून त्यांचे आभार मानले.

मेहुणी केव्हाची दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"हे तीन वर्षं स्वतःलाच दोष देत बसलेत, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

मिस्त्रींनी हो म्हणून मान हलवली. साडूनं त्यांचे हात अजून सोडले नव्हते.