यंदा मेंढरं कोणाच्या वावरात

आमचं आणि थोरल्या जाऊबाईंचं वावर एका बांधानं वेगळं झालेलं. माती एक, पाऊस एक, पण त्यांचं सोयाबीन कमरेला लागायचं आणि आमचं गुडघ्याशी रेंगाळायचं. ते बघितलं की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू, जेवण गोड लागत नसे.

कारण मला ठाऊक होतं. दर उन्हाळ्यात धनगरांची मेंढरं मुक्कामाला त्यांच्याच वावरात बसायची. रात्रभर अख्खा कळप एका जागी बसला की लेंड्यांनी आणि मुतानं जमीन भरून निघते, वेगळं खत टाकायला नको. पण कळपाला पाणी लागतं, आणि विहीर जाऊबाईंच्या वाट्याला गेलेली. त्या मेंढपाळाला चहा द्यायच्या आणि मी अलीकडं कपबशांचा आवाज ऐकत बसायची.

नवरा समजूत घालायचा. "लेंडीखत गरम असतंय. पाऊस लांबला तर कोंब करपतेत. आपलं कुजलेलं शेणखतच बरं."

"जाऊबाईंचे बरे करपत न्हाईत!" मी म्हणायची.

यंदा त्यांची विहीर होळीआधीच तळाला गेली, आणि आमच्या नव्या बोअरला पाणी होतं. मी अंबडच्या रस्त्यावरच कळपाला गाठलं. "दादा, पाणी पायजे तेवढं घ्या, ज्वारी देते. पण यंदा आमच्या वावरात."

"बसवतो की बाई," मेंढपाळ म्हणाला. "पण नदीकाठच्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलेत मेंढरं. मंग मागून कुरकुर नको."

माझं कुठं लक्ष! कळप आमच्या वावरात शिरला तेव्हा जाऊबाई बांधावर उभ्या होत्या, आणि मी मुद्दाम मोठमोठ्यानं बोलत होते.

पाऊस वेळेवर आला. कोंब करपले नाहीत. सोयाबीन उगवलं आणि त्याच्या जोडीनं बाभळीही उगवल्या, लेंड्यांतून आलेल्या बियांच्या. कोवळा काटासुद्धा बोटात शिरतो, आणि उशीर केला तर मुळी निघत नाही. उपटून उपटून कंबर मोडली. पलीकडं जाऊबाईंनी उकिरड्यातलं जुनं शेणखत टाकलेलं, त्यांच्याकडं एक बाभूळ नाही. आता माझा त्यावरूनही जळफळाट.

एका सकाळी त्या बांध ओलांडून आल्या, पदर खोचला आणि माझ्या शेजारच्या ओळीत बसल्या.

"मुळीपाशी धर, मंग निघती. ओल हाय तवर बिलकुल आळस करायचा न्हाई. दर साली म्या हेच करून राह्यले."

"मला कसं कधी दिसलं न्हाई?"

"तुला दिसायच्या आत उरकायचे ना."

मी पुढची बाभूळ मुळीपाशी धरून ओढली. त्या दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्याही. सगळं वावर निघेपर्यंत येत राहिल्या.

शेंगा धरल्या तेव्हा आमचं सोयाबीन कमरेला लागलं होतं आणि त्यांचं गुडघ्याच्या जरा वर. जाऊबाई बांधावर आल्या, आमच्या शेंगा चाचपून बघू लागल्या. बोटाला चिंधी बांधलेली होती. त्या बोटात माझ्याच वावरातला काटा मोडला होता. त्यांचं तोंड बघितलं आणि ओळखीचं वाटलं. इतकी वर्षं बांधाच्या या बाजूला मी तसंच तोंड करून उभी राहिले होते.

"विहिरीतला गाळ काढून राह्यलो," त्या हळूच म्हणाल्या. "पाणी लागंल बराबर. तर पुढल्या साली मेंढरं..."

"आमच्याकडंच बसतील," मी म्हणाले. त्यांचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.