मनकर्णाबाईची फुंकर

वलगावच्या मनकर्णाबाईला कोंबडीचं पोट वाचता यायचं. कोंबडी उलटी धरायची, पोटावरच्या पिसांवर फुंकर मारायची आणि कातडीखाली चरबीचा पिवळेपणा किती तो पाहायचा. झालं. शेजारणी म्हणत, "आमच्यावर फुंकू नको माय, सारं उघडं पडीन!"

बासष्ट साली ती अमरावतीजवळच्या एका सरकारी कोंबडी-केंद्रावर मजूर होती. तिथल्या तलंगा, म्हणजे नव्यानं अंड्यावर आलेल्या कोंबड्या, वर्षभरात विहिणींसारख्या सुटल्या होत्या आणि अंड्यांच्या बाबतीत मान-पान मागत होत्या. केंद्राचे साहेब खुशालराव पदवीधर. त्यांनी निदान केलं, की बाई लाडानं जास्त दाणा चारते.

"बाई, दाणा कमी करा. नाहीतर तुम्हाला कमी करावं लागेल."

"सायेब, हे दाण्याचं नाही, खानदानी हाये. माही सासू भाकरीकडे पाह्यलं तरी फुगे. तिची लेक बी तशीच. अन् मी चार भाकरी चुरून खाल्ल्या तरी खराट्याची काडी! कोठाराची चाबी तुमच्यापाशी ठेवा. पाच महिने तुमीच मोजून टाका. तरी लठ्ठ मायची लेक लठ्ठ, अन् रोडकीची रोडकीच होईन."

"आणि नाही झाली तर?"

"तर मी घरी."

बोलून गेली आणि मग घर आठवलं. नवऱ्याला, डोमाजीला, जिनिंगमध्ये काम मिळे ते कापसाच्या हंगामापुरतं. उरलेलं वर्ष चूल तिच्याच मजुरीवर पेटायची.

उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना तिच्या घरी कोळशाची खूण करत, नव्या अंड्यांची भेसळ होऊ नये म्हणून. मनकर्णाबाईनं तीच रीत वापरली. दर मायची खूण निराळी, खुडूक निराळी. पिलं निघाली तशी पायात लुगड्याच्या काठाचे दोरे बांधले: लठ्ठ मायच्या लेकींना लाल, रोडकीच्या लेकींना हिरवा. माय कोणती आणि केंद्रातल्या दोन खोल्यांपैकी कुठली, ते गाठी सांगणार. पाय जाड होतील तसे दोरे सैल करायचे. साहेब रोज तराजूनं दाणा मोजत, सोनाराच्या चेहऱ्यानं.

पाच महिन्यांनी साहेब रजिस्टर उघडून बसले. लाल दोरा, फुंकर, पिवळं. लाल, पिवळं. हिरवा, साफ. मनकर्णाबाईचा पदर सावरला गेला. पुढची हिरवी... पिवळी! त्यापुढची हिरवीही पिवळी. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय बाई, लेकी मायवर गेल्या नाहीत वाटतं?"

ती दोऱ्यांच्या गाठी मोजत राहिली. मग ताडकन उठली, दोन नंबरच्या खोलीत गेली आणि काखेत 'पहिलवान' घेऊन आली. हा साहेबांचा लाडका कोंबडा. वजन पाहून त्यांनी स्वतः निवडलेला, आणि कचेरीत फोटो लागलेला. तिनं त्याला खुशाल उलटा केला आणि फुंकर मारली.

हळदीच्या अंगासारखं पिवळं!

"एक नंबरातल्या मायांच्या हिरव्या साऱ्या साफ हायेत, सायेब. तिथं बुढा हाडकुळा कोंबडा हाये. दोन नंबरातल्या मायांच्या हिरव्या याच्या लेकी. मायाच पाह्यल्या म्या, बाप पाह्यलाच नाही! सोयरीक जुळवतानी आमी मामाकुळापासून सारं खोदून काढतो, अन् इथं कावून इसरली कोण जाणे!" तिनं पहिलवान खाली ठेवला, डब्याची पिशवी उचलली. "पण शब्द तो शब्द. चालली मी."

आपली चूक आपणच शोधून, ती पुराव्यानिशी मांडून, वर शिक्षाही भोगायला निघालेलं माणूस साहेबांनी सरकारी नोकरीत तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी पट्टी घेतली आणि रजिस्टरात 'आई'च्या शेजारी नवा रकाना आखला: 'बाप'.

"बाई, जाता कुठे? हा कोण भरणार? मला फुंकर मारता येत नाही."

मनकर्णाबाईनं तो रकाना पुढं अठरा वर्षं भरवला. सांगायची ती, लिहायचे साहेब. पहिलवानाचा फोटो त्याच आठवड्यात उतरला. खुद्द पहिलवानाच्या रश्श्याला तेल घालावं लागलं नाही, हे साहेबांच्या स्वयंपाकघरातूनच कळलं.