खिडकीखालची मोटार

१८ डिसेंबर २०२४, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. आदिलाबादची कडाक्याची थंडी, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सुरू करून सोडलेली वडिलांची जुनी कार्ब्युरेटरची मोटार. तिला कुठेही जायचे नव्हते. वडिलांची आंघोळ आणि पेपर उरकेपर्यंत ती रोज अशीच घुरघुरत उभी असते. आत माझी दमेकरी आई नाकाला पदर लावून भाकऱ्या थापते. परातीतल्या ज्वारीच्या पिठावर काजळीचे कण दिसले, तेव्हा मला शिसारी आली.

मी रसायनशास्त्रात संशोधन करते. सुट्टीवर येताना कार्बन मोनॉक्साइड मोजणारे, प्रमाण वाढले की किंचाळणारे छोटे यंत्र मुद्दाम आणले होते. खिडकीत ठेवताच त्याने आकडा दाखवला : ६२ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत बासष्ट भाग विषारी वायू. सत्तर ओलांडले की ते किंचाळते.

"बाबा, या धुरानं आईचा दमा वाढतो."

"गाडीले बी सकाळचा चहा लागते, बाई," पेपरातून मान वर न काढता ते म्हणाले.

दोष उघड होता. गाडी उभी असताना इंजिनाला हवेसोबत किती पेट्रोल मिळावे, हे कार्ब्युरेटरवरचा एक लहान स्क्रू ठरवतो. आमचा मेकॅनिक दर हिवाळ्यात तो सैल करून ठेवतो. पेट्रोल जास्त सुटले की थंड इंजिन बंद पडत नाही, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही. अर्धवट जळालेले पेट्रोल कुणाच्या छातीत जाते, हा प्रश्न त्याच्या धंद्यात बसत नाही.

मी इंजिन पुरते तापू दिले, थंडीत जास्तीचे पेट्रोल सोडणारा चोक आत ढकललेला असल्याची खात्री केली आणि स्क्रू हलक्या हाताने आवळत गेले. इंजिन अडखळले, तिथून स्क्रू किंचित मागे फिरवला; लय स्थिर झाली. खिडकीतला आकडा अकरावर उतरला.

आतून आईने विचारले, "गाडी बंद केली का वं?"

तिचा पदर खांद्यावर होता.

दुसऱ्या दिवशी बाजारात, वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांसमोर, गाडी एकदा बंद पडली. वडील तिथूनच मेकॅनिककडे गेले.

"चार लोकांत नाक कापलं तुह्या सायन्सनं!" घरी येऊन ते हसत म्हणाले. "त्यानं आता स्क्रू पयल्यापेक्षा जास्त ढिला केला."

"आणि आई?"

"तिले सवय हाय."

इतक्या सहज उच्चारलेल्या त्या तीन शब्दांची किळस मला त्या धुरापेक्षा अधिक आली.

पुढच्या सकाळी यंत्र किंचाळू लागले. वडील ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळून आले. मोटार तशीच धूर ओकत होती. त्यांनी यंत्र उलटे केले आणि त्यातले सेल काढले.

"काऊन किटकिट लावली सकाळी सकाळी!"

यंत्राचा पडदा विझण्यापूर्वी मी टिपलेला आकडा : ८७.