पापलेटामागच्या चौकटी

रेवदंड्यापासून मुरुडपर्यंत जेवढ्या होड्या पाण्यावर डुलतात, त्यातल्या निम्म्यांवरची नावं माझ्या हातची आहेत! आणि त्या नावांतल्या निम्म्या चुकाही माझ्याच. सातवीत दोनदा बसलेल्या पेंटरकडून आणखी काय अपेक्षा करता? एका नाखव्यानं मला चहाला विचारलं नाही, म्हणून त्याच्या होडीवरच्या मोराला मी हुबेहूब त्याच्या मिशा काढल्या होत्या. तो मोर अजून मासेमारीला जातो.

असा मी सगळ्यांची टोपी उडवणारा. पण माझी टोपी उडवली कुणी? एका पापलेटानं!

त्याचं असं झालं. आमच्या सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, घरच्या पडवीत चार टेबलं मांडून खानावळ काढली. चौलच्या एका रिसॉर्टवाल्या मॅडम म्हणाल्या, "आमच्या पाहुण्यांना मोबाईलवर घरगुती जेवणाची यादी दाखवतो, त्यात तुमचं नाव घालते. पण सोबत आयकॉन हवा. आज पाचच्या आत."

आयकॉन म्हणजे बोटानं दाबायचं ते टिकलीएवढं चित्र. पाचच्या आत गेलं नाही, तर शनिवारचे पाहुणे दुसऱ्याच्या घरी जेवणार. खानावळीचं पहिलंच गिऱ्हाईक! सुमन सकाळपासून देव पाण्यात घालून बसलेली.

"अवो, सगळ्यांचं चौकोनी नायतर गोल असतं," ती म्हणाली. "आपलं पापलेटाच्या आकाराचं पायजे. जमंल का न्हाय? का शबानाला सांगू?"

जमेल का? मला? चाळीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाला?

शबाना म्हणजे बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानाची मालकीण. तिच्या दुकानात दोन कॉम्प्युटर. मी ताटातल्या पापलेटाचा फोटो घेऊन गेलो नि म्हटलं, "तू फक्त फोटो कापायचं ते सॉफ्टवेअर उघडून दे. बाकी मी बघतो."

"चाचा, मी शिकवते ना."

"मला? अगं, तुझ्या दुकानाची पाटी कुणी रंगवली?"

"तुम्हीच. अजून लोक विचारतात, झेरॉक्समधल्या 'रॉ'वरचा चंद्र कुठे गेला म्हणून."

मी सरळ माऊस हातात घेतला. तो माऊस म्हणजे ओला खेकडा हो, धरावा तिकडून सटकतो! पण पापलेटाच्या कडेकडेनं, कल्ले, शेपूट सांभाळत, मी रेघ फिरवून आणली. बटण दाबलं. ताट गायब! आणि माशाच्या मागे आपोआप उमटल्या बारीक बारीक चौकटी. एक करडी, एक पांढरी, एक करडी, एक पांढरी.

माझे डोळे भरून आले. का, सांगतो. आम्ही पेंटर लोक लहान चित्र भिंतीवर मोठं करताना आधी चित्रावर चौकटी आखतो. भिंतीवर तेवढ्याच, पण मोठ्या. मग एकेका चौकटीतलं उचलून तिकडे ठेवायचं. ही आमची जुनी विद्या, आणि ती या डबड्याला येत होती! मनात म्हटलं, हे नक्की कुणा पेंटराच्या पोरानं बनवलंय.

चित्र सुमनच्या फोनवर धाडलं. तिचा लगेच फोन.

"झ्याक आलंय हो! नुस्तं पापलेट!"

"आणि चौकटी?"

"कसल्या चौकटी? मागं काय बी न्हाय."

आली का पंचाईत! वाटेत चौकटी गळाल्या! आता मॅडमला चित्र लहानमोठं करायचं झालं तर? शबाना जेवायला घरी गेलेली. घड्याळात तीन. मग बसलो की मांडी ठोकून. स्वतःच्या हातानं एकेक रेघ आखली, एक सोडून एक चौकट करड्या रंगानं भरली. मान आखडली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण एक चौकट वाकडी नाही! पाचला पाच कमी असताना थेट मॅडमलाच पाठवलं.

तेवढ्यात शबाना आली. स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नि मटकन खुर्चीत बसली.

"चाचा, ये क्या किया? चौकटी दिसतात म्हणजे तिथे काही नाही. रिकामं. ते नुसतं आपल्याला कळावं म्हणून दाखवतं. आधीचंच बरोबर होतं!"

मी मॅडमला फोन लावला, तर त्यांनी चित्र यादीत चढवलेलं.

घरी पोचलो तर सुमन फोनवर ती यादी उघडून दारातच.

"ह्ये काय पाठवलंत? आन् मागं ह्ये काय आखून ठेवलंय?"

"अगं, शबाना म्हणते, चौकटी म्हणजे तिथे काही नसतं."

"मंजे दोन तास तुमी 'काय न्हाय' रंगवत बसलात?"

इतक्यात तिचा फोन वाजला. मॅडम! सुमनचा चेहरा पांढराफटक. मग हळूहळू फुलला.

"व्हय व्हय. हाय ना! चारी टेबलांवर तेच असतं आमच्याकडं."

फोन ठेवून ती म्हणाली, "शनवारी आठ मानसं जेवायला येनार. फोटोतला चौकटीचा टेबलक्लॉथ लय आवडला म्हनं. तोच पायजे."

"पण असलं कापड आहेच कुठे आपल्याकडे?"

 ती अंगणातल्या दोरीकडे बघत राहिली. दोरीवर माझ्या लुंग्या वाळत होत्या. करड्या-पांढऱ्या चौकड्याच्या. मोजून चार.

"अगं, चारही घेतल्यास तर शनिवारी मी काय नेसू?"

सुमननं पहिल्या लुंगीचा चिमटा काढला.

"तुमी? आता दोन तास बसून रंगवलंत ना, त्येच नेसा!"