घड्याळ सुरू होण्याआधीची वेळ

आधीच सांगते — पत्रिका, नजर, शुभ-अशुभ यातलं मी काहीही मानत नाही. यंत्र चुकलं तर चूक माणसाची, एवढंच मानते. पण त्या दिवशी बाबांचा जीव एका आकड्यावर टांगला होता, म्हणून लिहितेय.

मी नोएडाच्या एका कंपनीत काम करते. आमचा नवा सर्किट बोर्ड चालू करताच गोठायचा. ऑपरेटिंग सिस्टिम लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या, प्रत्येक ओळीआधी, बोर्ड सुरू होऊन किती सेकंद झाले ते छापते. पहिलीच ओळ वेळ मागायची, तेव्हा आतलं घड्याळ सुरूच झालेलं नसायचं... आणि बोर्ड बिचारा तिथेच अडकायचा. घड्याळ सुरू होईपर्यंत शून्य छापायचं, अशी दुरुस्ती मी सकाळभर बसून केली.

दुपारी बाराला बोर्ड उठला. पहिल्या ओळीत मात्र शून्य नव्हतं — २४०७! वायर काढून दहा मिनिटं ठेवली. परत लावली तर ३००७. वीज नसतानाही कुणीतरी मोजतच होतं. सेकंदांचा मागे हिशेब केला, दोन्ही वेळा अकरा वीस आले.

अकरा वीसला काय सुरू झालं होतं? का कोण जाणे, बाबा आठवले. लॅबमध्ये मोबाइल नेता येत नाही, लॉकरमधून काढला. मिस्ड कॉल एकही नाही. तरी घरी लावला. बाबा रिटायर झालेले, मयूर विहारला दिवसभर एकटे, दुसऱ्या रिंगला उचलणारच. पाच वेळा लावला. उचलला नाही.

धावत घर गाठलं. बाबा हॉलमध्ये पडले होते. तोंड वाकडं, वाचा गेलेली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "स्ट्रोक है. ठीक किस टाइम हुआ? टाइम पक्का नहीं तो खून का थक्का घोलने वाला इंजेक्शन नहीं दे सकते, ब्लीडिंग का रिस्क है."

"अकरा... ग्यारह बीस."

"किसने देखा?"

"मैं फोन पर थी उनके साथ." चक्क खोटं बोलले. आकडा चुकीचा असता तर बाबांना मीच मारलं असतं.

बाबा वाचले. बोर्ड त्यानंतर शून्यच छापतो. कोड ओळ न ओळ तपासला, काही सापडलं नाही. योगायोग म्हणून सोडूनही दिलं असतं. पण तीन महिन्यांनी नीट बोलता यायला लागल्यावर बाबा चहा पिता पिता म्हणाले, "तू पण कमाल आहेस यार. मी तिथे पडलेलो, आणि तू शेजारी बसून सारखं एकच विचारतेयस, 'बाबा, किती वाजले?' शेवटी घड्याळात बघून सांगितलं ना तुला, अकरा वीस."

अकरा वीसला मी नोएडात होते, त्या गोठलेल्या बोर्डासमोर. बाबांना मी फक्त "हो" म्हणाले.